वेळापत्रकातला एक तास

दिवाळी अंकासाठी लेख द्यायचा म्हटलं की आमच्यासारख्यांना पहिल्यांदा आठवतात त्या माहेरच्या गोष्टी. भाजणीचा खमंग वास, अंगणातला किल्ला, पहाटेचं अभ्यंगस्नान. ते सगळं प्रिय आहेच, आणि या अंकात कुणी ना कुणी त्यावर लिहिलं असेलच. मी यंदा जरा रुक्ष वाटणारा विषय घेतला आहे. विद्यापीठांत जे संशोधन चालतं, त्याचा सरकारी धोरणांवर खरंच काही परिणाम होतो का? आणि होत असेल, तर तो तुमच्या-माझ्या घरापर्यंत कसा पोचतो?

लगेच पान उलटू नका. तुमच्या मुलाच्या दप्तरात दर आठवड्याला जे चिमुकलं वाचनाचं पुस्तक येतं ना, त्याच्याशी या विषयाचा अगदी थेट संबंध आहे.

आधी थोडी ओळख. मी एम.ए. मराठी, बी.एड. इंग्लंडला येण्याआधी सांगली जिल्ह्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत सहा वर्षं मराठी शिकवत होते, पाचवी ते आठवी. इथे आल्यावर नोकरी केली नाही. घर, लेक आणि शनिवारची आपली मराठी शाळा यांत दिवस जातात. पण शिक्षिकेचा स्वभाव काही जात नाही. लेक शाळेतून आली की ‘काय खाल्लंस?’ याच्या आधी तोंडून ‘काय शिकवलं?’ हेच बाहेर पडतं.

लेक रिसेप्शनच्या वर्गात गेली तेव्हा तिला इंग्रजी जवळजवळ येत नव्हतं. घरात पूर्ण मराठी. भारतातून व्हिडिओ कॉलवर आजीचा रोजचा प्रश्न असायचा, ‘एबीसीडी येते का गं?’ आणि उत्तर असायचं, ‘नाही.’ कारण शाळेत एबीसीडी शिकवतच नव्हते! सुरुवात एस, ए, टी, पी, आय, एन या अक्षरांनी, आणि तीही त्यांच्या नावांनी नाही, उच्चारांनी. स्, अ‍ॅ, ट्, प्, इ, न्. मग ते आवाज जोडून शब्द म्हणायचा. महिनाभरानं लेक आजीला ‘स्-इ-ट्, सिट’ असं वाचून दाखवायला लागली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, ही तर आपली बाराखडी झाली!’

अगदी बरोबर बोलल्या त्या. आपली लिपी मुळातच उच्चारांवर उभी आहे. चोरातला ‘च’ आणि चिमणीतला ‘च’ वेगळा, असे थोडे अपवाद सोडले तर दिसतं तसं वाचता येतं. इंग्रजीत मात्र २६ अक्षरं आणि सुमारे ४४ उच्चार. तिथे ही ओळख मुद्दाम, क्रमानं करून द्यावी लागते. या पद्धतीला सिंथेटिक फोनिक्स म्हणतात.

पुढच्या वर्षी, इयर वनमध्ये, आणखी एक अजब प्रकार घरी आला. ज्यांना काहीही अर्थ नाही अशा शब्दांची यादी, आणि प्रत्येक शब्दाशेजारी एक काल्पनिक प्राणी. मुलं त्यांना ‘एलियन वर्ड्स’ म्हणतात. जूनमध्ये फोनिक्सची सरकारी चाचणी असते. एकूण ४० शब्द, त्यांतले २० खरे आणि २० असे बनावट. आमच्या आयांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गहजब! ‘खोटे शब्द वाचून पोरांना काय फायदा?’ ‘याची क्लास लावावी का?’ ‘आपण घरी मराठी बोलतो म्हणून मुलं मागे पडतील का?’ शेवटचा प्रश्न मलाही कुरतडत होता. म्हणून लेक शाळेत गेल्यावर मिळणाऱ्या वेळात मी शोधायला बसले, की हे सगळं ठरवलं कुणी आणि कशाच्या आधारावर?

या धाग्याचं एक टोक निघालं स्कॉटलंडमध्ये. तिथे क्लॅकमॅननशर नावाचा एक अगदी छोटा परगणा आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ऱ्होना जॉन्स्टन आणि जॉयस वॉटसन या दोन मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी तिथल्या प्राथमिक शाळांतली सुमारे ३०० पहिलीची मुलं घेतली. काही वर्गांत आवाज जोडून वाचण्याची पद्धत, तर काहींत प्रचलित पद्धती. पहिल्या पद्धतीची मुलं इतकी पुढे गेली, की मग बाकीच्या वर्गांनाही तीच शिकवण्यात आली, आणि दोघींनी या मुलांचा सात वर्षं पाठपुरावा केला. २००५ मध्ये अहवाल आला. प्राथमिक शाळेच्या शेवटी ही मुलं सुटे शब्द वाचण्यात आपल्या वयाच्या सुमारे साडेतीन वर्षं पुढे होती, स्पेलिंगमध्ये जवळपास पावणेदोन वर्षं. वाचलेलं समजण्यात मात्र जेमतेम साडेतीन महिने. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्या वेळी इंग्लंडमधल्या शाळांत काय चालायचं? १९९८ पासूनच्या राष्ट्रीय धोरणात मुलानं शब्द ओळखायला अनेक ‘शोधदिवे’ वापरावेत असं सांगितलं होतं. थोडे उच्चार बघ, थोडं वाक्य बघ, संदर्भ लावून अंदाज कर. ऐकायला छान वाटतं. पण ज्या मुलाच्या घरी ती भाषाच नाही, त्यानं अंदाज करायचा तरी कशावरून?

२००५ मध्ये ब्रिटिश संसदेच्या शिक्षण समितीनं हा विषय उचलला, सरकारनं सर जिम रोझ यांना आढावा घ्यायला सांगितलं, आणि मार्च २००६ च्या त्यांच्या अहवालानं फोनिक्सला मध्यवर्ती जागा दिली. शोधदिवे मागे पडले. २०१२ पासून जूनची चाचणी देशभर सुरू झाली. म्हणजे एका छोट्या परगण्यातल्या ३०० मुलांपासून निघालेली गोष्ट सात-आठ वर्षांत संपूर्ण इंग्लंडचं धोरण झाली. गंमत म्हणजे ज्या स्कॉटलंडमध्ये हा प्रयोग झाला, तिथे अशी सक्ती झालीच नाही. तेच संशोधन, एकाच बेटावरची दोन सरकारं आणि दोन वेगळे निर्णय. संशोधनातून धोरण आपोआप उगवत नाही, ते कुणीतरी निवडावं लागतं, हे मला इथे पहिल्यांदा नीट कळलं.

सगळं एकमतानं झालं असंही नाही. क्लॅकमॅननशरच्या अभ्यासाच्या रचनेवर इतर अभ्यासकांनी बऱ्याच शंका घेतल्या. सरकारनंच २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दुसऱ्या एका आढाव्यात असं आढळलं, की पद्धतशीर फोनिक्सचा फायदा होतो हे खरं, पण फोनिक्सच्या दोन प्रकारांपैकी सिंथेटिकच सरस आहे असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही. पण शाळेला असं ‘एकीकडे, दुसरीकडे’ करून चालत नाही. सोमवारी सकाळी बाईंना वर्गात जाऊन काहीतरी एक शिकवावंच लागतं. अभ्यासकाला ‘अजून अभ्यास हवा’ म्हणून थांबता येतं, सरकारला थांबता येत नाही. त्यामुळे धोरण नेहमीच अर्धवट पुराव्यावर ठरतं. म्हणूनच ते ठरल्यानंतर पुन्हा तपासत राहणं महत्त्वाचं.

आणि इथे ते तपासलं गेलं, हे मला खरंच आवडलं. चाचणीत ४० पैकी ३२ शब्द आले की मूल उत्तीर्ण. पहिल्या दोन वर्षी हा आकडा शिक्षकांना आधीच माहीत होता. निकालांचा आलेख काढला तर काय दिसावं? ३१ गुण मिळालेली मुलं अगदी थोडी आणि बरोबर ३२ मिळालेली एकदम खूप! आपल्याकडे ३५ गुणांच्या काठावर काय चालतं हे ज्यांनी उत्तरपत्रिका तपासल्या आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. माया सगळीकडच्या शिक्षकांना असते. २०१४ पासून हा आकडा चाचणी झाल्यावर जाहीर करायला लागले आणि तो उंचवटा सपाट झाला.

२०१२ मध्ये ५८ टक्के मुलं उत्तीर्ण झाली होती, २०१९ मध्ये ८२ टक्के. एवढ्यावर कुणीही नेता छाती फुगवून भाषण करील. पण चाचणीचं स्वतंत्र मूल्यमापन करणाऱ्या संस्थेनं स्पष्ट लिहिलं, की मुलांच्या एकूण वाचन-लेखनात या चाचणीमुळेच सुधारणा झाली असं ठामपणे म्हणता येत नाही. चाचणीत मुलं सुधारली, याचा अर्थ वाचनात तितकीच सुधारली असा होत नाही. तापमापी बदलून ताप उतरत नसतो.

मग फोनिक्सचा उपयोग झाला की नाही? याचं मला पटलेलं उत्तर लंडनच्या काही अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासात मिळालं. मेचिन, मॅकनॅली आणि व्हियारेंगो या तिघांचा निबंध २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. चाचणीच्या आधी, फोनिक्सचं प्रशिक्षण इंग्लंडच्या वेगवेगळ्या भागांत टप्प्याटप्प्यानं पोचलं होतं. ज्यांना आधी मिळालं आणि ज्यांना नंतर, त्यांची तुलना त्यांनी केली. पाचव्या आणि सातव्या वर्षी फरक चांगला दिसला. अकराव्या वर्षापर्यंत मात्र सरासरी फरक पुसला गेला. बाकीची मुलं उशिरा का होईना, वाचायला शिकलीच. पण दोन प्रकारच्या मुलांत फायदा अकराव्या वर्षीही टिकून होता. एक, गरीब घरांतली. दुसरी, ज्यांच्या घरची भाषा इंग्रजी नाही अशी.

हे वाचलं तेव्हा मी चहाचा कप तसाच बाजूला ठेवला. ही दुसरी मुलं म्हणजे आपलीच की! शाळा जेव्हा नशिबावर किंवा घरच्या वातावरणावर न सोडता, प्रत्येक पायरी स्वतः शिकवते, तेव्हा सर्वांत जास्त फायदा होतो तो ज्यांच्या घरी ती पायरी नाही त्यांचा. धोरणाकडे बघताना ‘सरासरी किती वाढली?’ एवढंच विचारलं तर ही गोष्ट निसटते. ‘कुणाची वाढली?’ हेही विचारावं लागतं.

आता तो साडेतीन महिन्यांचा आकडा. लेकीनं चाचणी छान दिली. पण पालकसभेत तिच्या बाई म्हणाल्या, ‘ती वाचते सफाईनं, पण काही शब्दांचे अर्थ तिला माहीत नसतात.’ उदाहरण ‘पडल’चं. पावसानंतर साचलेलं डबकं. शब्द तिनं बिनचूक वाचला होता. रोज शाळेत जाताना त्याच डबक्यात ती उड्या मारायची, पण घरी आमच्या तोंडी होतं ‘डबकं’.

रोझ यांच्या अहवालानं याचाही विचार केला होता. त्यात वापरलेली कल्पना १९८६ मधली आहे, गॉफ आणि टनमर या दोघांची. तिचं म्हणणं असं, की वाचन म्हणजे अक्षरं उलगडणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नाही, गुणाकार. दोन्हींपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्य. फोनिक्स पहिला भाग पक्का करतं. दुसरा भाग गप्पांतून, गोष्टींतून, ऐकण्यातून येतो, आणि तो वर्षानुवर्षं चालतो.

मग त्यासाठी घरातलं मराठी बंद करायचं का? ग्रुपवर दोघी-तिघींनी केलंही. मला ते पटत नाही, आणि संशोधनही तसं सांगत नाही. एकेकाळी दोन भाषांमुळे मुलाची बुद्धी गोंधळते असाच समज होता, आणि त्यालाही ‘संशोधन’ म्हणत. १९२० च्या दशकात वेल्समधल्या मुलांवर तसे निष्कर्ष काढले गेले होते. पुढे १९६२ मध्ये माँट्रियलमध्ये पील आणि लँबर्ट यांनी घरची परिस्थिती सारखी असलेल्या मुलांची तुलना केली, तेव्हा दोन्ही भाषा नीट येणारी मुलं बुद्धिमापनात मागे नव्हती, उलट पुढे निघाली. म्हणून आमच्या घरी आम्ही ‘डबकं’ ठेवलं आणि शेजारी ‘पडल’ आणून बसवलं. गोष्ट मराठीतच सांगायची, पण शाळेतला नवा शब्द आला की त्याच्यावर मराठीतून दोन मिनिटं बोलायचं. ज्या मुलाला डबकं म्हणजे काय हे माहीत आहे, त्याला ‘पडल’ हे फक्त दुसरं नाव शिकायचं असतं.

हे सगळं वाचताना मला सारखी डोळ्यांसमोर येत होती ती सांगलीकडची माझी पाचवी. माध्यमिक शाळेत मुलं पाचवीला येतात ती आसपासच्या वेगवेगळ्या प्राथमिक शाळांतून. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी प्रत्येकाकडून एक उतारा वाचून घ्यायची. काही मुलं घडाघडा वाचायची, काही बोट ठेवून अडखळत, आणि मागच्या बाकावरची काही फक्त ओठ हलवायची. त्यांना जोडाक्षरं सोडा, काना-मात्राही पक्के नव्हते. पाठ्यपुस्तक मात्र सगळ्यांना पाचवीचंच, आणि दिवाळीपर्यंत अर्धा अभ्यासक्रम संपलाच पाहिजे. हुशार, हजरजबाबी, शेतातली सगळी कामं येणारी ही मुलं, पण वर्गाची गाडी त्यांना फलाटावर ठेवूनच सुटलेली असायची.

हे फक्त आमच्या शाळेत नव्हतं. २००५ पासून ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकारानं ‘असर’ नावाची पाहणी ग्रामीण भारतात होते. ती शाळेत नाही, घरोघरी जाऊन करतात, म्हणजे गैरहजर मुलंही त्यात येतात. मुलापुढे एक साधा कागद ठेवायचा. अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. बस. वर्षानुवर्षं उत्तर साधारण एकच येतं. पाचवीतल्या जवळपास निम्म्या मुलांना दुसरीची गोष्ट वाचता येत नाही. मागच्या बाकावरच्या माझ्या मुलांना अशी देशभर भावंडं होती.

आणि यावरचा एक मोठा अभ्यास आपल्या मुंबईतच झाला होता, हे मला इंग्लंडमध्ये बसून कळलं! ‘प्रथम’ची स्थापनाच मुंबईतली, १९९५ ची. महापालिकेच्या शाळांत ते वस्तीतल्याच, शिकलेल्या तरुणींना ‘बालसखी’ म्हणून नेमायचे. मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना दिवसातून दोनेक तास वेगळं बसवायचं आणि त्यांना जे येतं तिथून पुढे शिकवायचं. २००१ ते २००३ या काळात अभिजित बॅनर्जी, एस्थर ड्युफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई आणि वडोदऱ्यात याची परीक्षा घेतली. काही शाळांत बालसखी एका इयत्तेला, काहींत दुसऱ्या इयत्तेला, आणि कुठे कोणती हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलेलं, म्हणजे तुलना चोख. बालसखीकडे गेलेल्या कच्च्या मुलांत मोठी सुधारणा झाली. उरलेल्या मुलांचा वर्ग आपोआप छोटा झाला होता, पण त्यांच्यात विशेष फरक पडला नाही. म्हणजे नुसता पट कमी करून भागत नाही, मुलाला त्याच्या पायरीवर भेटावं लागतं. याच दोघांना मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

पण माझ्यातल्या शिक्षिकेला नोबेलपेक्षा नंतरची कहाणी जास्त महत्त्वाची वाटते. पद्धत सिद्ध झाली, आता सरकारी शाळांत रुजवायची. बिहारमध्ये २००८ च्या उन्हाळ्यात सरकारी शिक्षकांनीच महिनाभराची शिबिरं घेतली, आणि मुलं सुधारली. मग शाळा सुरू असताना तिथल्या शिक्षकांना प्रशिक्षण आणि साहित्य दिलं, तर परिणाम जवळजवळ शून्य. उत्तराखंडमध्ये स्वयंसेवक शाळेत पाठवले, तर शाळेनं त्यांना नेहमीच्याच तासांना जुंपलं. तिथेही परिणाम नाही.

बिहारचे शिक्षक जूनमध्ये चांगले आणि जुलैमध्ये वाईट झाले का? अजिबात नाही. उन्हाळ्यात त्यांच्या डोक्यावर अभ्यासक्रम नव्हता, शाळा भरली की तो येऊन बसला. ज्यांनी कधी वर्ग घेतला आहे त्यांना हे वाचून हसू येईल आणि थोडं डोळ्यांत पाणीही. अधिकारी येऊन विचारतात ते ‘पाठ कितवा चालू आहे?’ मागच्या बाकावरच्या मुलाला काय वाचता येतं, हे कुणी विचारत नाही.

हे कळल्यावर हरियाणात २०१२-१३ मध्ये रचना बदलली. दिवसातला एक ठराविक तास फक्त यासाठी राखून ठेवला. त्या तासात इयत्ता विसरायची, मुलांचे गट वाचनाच्या पातळीनुसार. देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांनी आधी स्वतः वर्गात उभं राहून ही पद्धत वापरून पाहिली होती. या वेळी भाषेत सुधारणा दिसली. तेच सरकारी शिक्षक, तीच मुलं. बदललं होतं ते वेळापत्रक.

पुढे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं पायाभूत वाचन आणि गणित यांना सर्वांत तातडीचं काम म्हटलं, आणि जुलै २०२१ मध्ये त्यासाठी ‘निपुण भारत’ अभियान सुरू झालं. मुंबईतल्या महापालिका शाळांतल्या बालसख्यांपासून तिथपर्यंत यायला वीस वर्षं लागली. वीस वर्षांत मुलांची एक अख्खी पिढी शाळेतून बाहेर पडते. संशोधनाचा वेग आणि मुलाच्या वाढण्याचा वेग यांत हा केवढा फरक! म्हणून मला वाटतं, ज्यांच्या हातात एखादा छोटा वर्ग आहे, त्यांनी वीस वर्षं थांबू नये.

आणि तसा एक वर्ग आपल्या हातात आहे. आपल्या मंडळाची शनिवारची मराठी शाळा.

गेली काही वर्षं आपण वयानुसार वर्ग करत होतो. त्यामुळे दहा वर्षांच्या गटात इथेच जन्मलेला, ‘क’ आणि ‘फ’ मध्ये गोंधळणारा मुलगा असायचा आणि त्याच्या शेजारी वर्षभरापूर्वीच पुण्याहून आलेली, गोष्टीची पुस्तकं वाचणारी मुलगी. दोघंही कंटाळायची. कंटाळलेली मुलं आधी शनिवारी पोहायला जायला लागतात आणि मग मराठी शाळेत यायची बंद होतात. पट का घसरतो आहे, हे आपण दर सभेत एकमेकांना विचारतोच. हॉलचं भाडं मात्र वाढतंच आहे.

गेल्या वर्षी मी समितीपुढे प्रस्ताव मांडला. दोन तासांतली पहिली चाळीस मिनिटं फक्त वाचनाची, आणि त्या वेळात गट वयानं नाही तर पातळीनं. विरोध झाला, आणि तो रास्तच होता. ‘दहा वर्षांचा मुलगा सहा वर्षांच्यांत बसेल का? त्याला काय वाटेल?’ एका काकूंनी विचारलं, ‘हे सगळं मोठ्या शाळांचं. आपली विसेक मुलं, त्यांच्यावर कसले प्रयोग?’ बरीच चर्चा झाली. शेवटी दोन सत्रं करून बघायचं ठरलं. गटांना पक्ष्यांची नावं दिली आणि मोठ्या मुलांना चित्रं, कॉमिक्स असं वयाला शोभेल ते साहित्य दिलं, पातळी तीच ठेवून. सुरुवातीला आणि शेवटी प्रत्येकाकडून एकच कागद वाचून घेतला. अक्षरं, शब्द, वाक्यं, उतारा.

बहुतेक मुलं एक पायरी वर चढली. काही आहेत तिथेच राहिली. एका मोठ्या मुलाला लहानांत बसणं मानवलं नाही, तो यायचा बंद झाला, आणि त्याचं मला वाईट वाटतं. आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. आपल्याकडे तुलनेला दुसरा वर्ग नव्हता. त्यामुळे जुन्या पद्धतीनंही मुलं इतकीच पुढे गेली असती का, याचं उत्तर माझ्याकडे नाही. आजी-आजोबा उन्हाळ्यात येऊन राहिले, त्याचाही हा परिणाम असेल.

दिवाळीनंतरच्या सर्वसाधारण सभेत ही चाळीस मिनिटं कायम ठेवायची की नाही, यावर निर्णय व्हायचा आहे. ज्यांची मुलं शाळेत येतात त्यांनी तर याच, पण ज्यांनी पाठवायचं थांबवलं त्यांनीही या, का थांबवलं ते सांगायला. मुलांची नावं न लिहिता, सुरुवातीचे आणि शेवटचे कागद मी टेबलावर ठेवणार आहे. प्रत्येकानं ते बघावेत आणि मग हात वर करावा. मोठ्या मुलांना न लाजवता हे कसं करता येईल यावर कुणाकडे चांगली युक्ती असेल, तर ती मला सभेआधीच सांगा. जानेवारीपासूनचं वेळापत्रक अजून छापलेलं नाही.

शुभ दीपावली!